आखणी बाकी

"डोळे शेवटी. गिऱ्हाईक दारात उभं राहून कितीही घाई करू दे, डोळे शेवटी. आणि आंघोळ झाल्याशिवाय नाहीतच."

गोदाआत्याला जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी हे वाक्य रेवतीच्या कानात आत्याच्याच आवाजात उमटायचं. पेणच्या कुंभारआळीतल्या कारखान्यात गणपतीच्या मूर्तींना डोळे काढण्यात गोदाआत्याचा जन्म गेला होता. या कामाला पेणमध्ये आखणी म्हणतात. बाकीचं अंग कोणीही रंगवावं, आखणीचा हात वेगळा. आता तर मूर्ती यंत्रातूनच उतरत. शाडूचा मऊ लगदा नळीतून थरावर थर सोडत यंत्र दुपारपर्यंत अख्खा गणपती उभा करी, पितांबराचा रंगही तेच फवारी. डोळ्यांपाशी मात्र यंत्र थांबवत आणि माणूस कुंचला घेऊन पुढे बसे. यंत्राला डोळे काढता येत नव्हते असं नाही. लोक तशी मूर्ती घरी नेत नव्हते, एवढंच.

त्याच कारखान्याच्या माडीवर रेवती घरत नखचित्र काढत बसली होती.

नखचित्र हा शब्द तिच्या मामेभावानं, निहाल मोकलनं पाडलेला. जगभरचे संगणकी खेळ ज्या बाजारात विकले जात त्याला सगळे नुसतं 'पेठ' म्हणत, आणि पेठेत प्रत्येक खेळाची ओळख म्हणजे एक नखाएवढं चित्र. लोक चष्मा लावत, आणि त्या चष्म्याच्या काचेवर अशी शेकडो चित्रं पाण्यासारखी वाहत जात. बोटानं काही दाबावं लागत नसे. नजर कुठं टेकली, किती वेळ टेकली, डोळ्यातली बाहुली किती मोठी झाली, हे चष्म्यालाच कळे. नजर अडली की त्याला पेठेच्या भाषेत 'थबक' म्हणत. ज्या चित्राची थबक लांब, ते चित्र वर. ज्याची आखूड, ते तळाला, जिथं कोणी जात नाही.

रेवती आणि निहालनं मिळून केलेला खेळ म्हणजे 'दिवेलागण'. खाडीकाठचं एक गाव, अंधार पडत आलेला, आणि हातात दिवा घेऊन घरोघर जाणारी एक मुलगी. ज्या घरात दिवा लागेल त्या घरातलं कोणीतरी आपली एक गोष्ट सांगतं, आणि पुढचं दार दिसू लागतं. मारामारी नाही, गुण नाहीत. चित्रं रेवतीची, बाकी सगळं निहालचं. त्यात तीन वर्षं गेली होती. खेळ चालला नाही तर निहाल पुण्याला नोकरीवर परत जाणार होता, आणि रेवती लग्नपत्रिकांवरचे कलश काढायला. दोघांनी ते एकमेकांना कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण माडी झाडतानाही दोघांना ते माहीत असायचं.

"हे बघ." रेवतीनं चित्रं काढायची संगणकी पाटी त्याच्याकडे वळवली.

निहालनं पाटी घेतली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला, तिथून डोळे बारीक करून बघितलं.

"ताई, चतकोर भाकरीवर अख्खं लग्न वाढलंयस तू."

"गाव दिसायला नको?"

"नखावर गाव मावत नाही. इथून मला नुसती खिचडी दिसतेय. घरं पुसून टाक. खाडी पुसून टाक. तो कुत्रा तर आधी पूस."

"कुत्रा राहू दे ना."

"कुत्र्याला खेळात घाल, पोटभर जेवू घाल. इथून घालव."

रेवतीनं कुत्रा पुसला. मग घरं पुसली. चित्र जेवढं लहान तेवढं त्यात कमी बोलावं लागतं, हे तिलाही ठाऊक होतं, हात तेवढा सुटत नव्हता. शेवटी उरली एक मुलगी आणि एक दिवा. मागं निळसर काळोख, त्यात दिव्याची एकच पिवळी ऊब. रंग काढून चित्र नुसतं करडं केलं तरी मुलीची कड काळोखातून सुटून दिसत होती. उजव्या खालच्या कोपऱ्यावर पेठ सवलतीची पट्टी चिकटवते, म्हणून दिवा डावीकडं आणला. 'दिवेलागण' या अक्षरांनी फार छळलं. नखाएवढ्या जागेत वेलांटी आणि मात्रा एकमेकींत शिरत आणि शब्द चुरगळल्यासारखा दिसे. रेवतीनं अक्षरं जाड केली, त्यांच्यातल्या फटी मोकळ्या केल्या, मात्रा जरा उभी केली.

"आता खरं," निहाल म्हणाला. "पण बाई, हिला डोळे कुठायत?"

"प्रकाशनाच्या सकाळी."

"चेहऱ्यावर थबक असते ताई, आणि चेहऱ्यात डोळ्यांवर. पेठेला आज चित्र पाठवायचंय तपासणीला."

"पाठव की असंच. तपासणीच आहे. डोळे मी त्या दिवशी सकाळी काढीन."

निहाल हसला. रेवतीच्या नेमांची त्याला सवय होती. चातुर्मासात ती रोज पहाटे उंबऱ्यात गोपद्मं काढी, ती झाल्याशिवाय पाणीही पीत नसे. "तुझा देव आणि पेठेचा देव यांचं एकदा बोलणं करून दे," तो म्हणाला, आणि भरायची माहिती तिच्यापुढं सरकवून चहा ठेवायला गेला.

माहिती मराठीतच होती. पेठेनं सगळ्या भाषांत सगळं केलं होतं. नाव, वयोगट, चित्राचा हक्क. शेवटी एक प्रश्न होता: *आखणी पूर्ण आहे काय?*

रेवतीनं मुलीच्या कोऱ्या चेहऱ्याकडं बघितलं. आखणी कुठं झाली होती? ती 'नाही' म्हणाली, आणि पाटी मिटली.

प्रकाशनाच्या दिवशी आंघोळ करून, गोपद्मं काढून, तिनं मुलीला डोळे दिले. थोडे खाली झुकलेले, दिव्याकडं बघणारे. नवं चित्र पेठेत चढवलं. तिच्या पाटीवर ते छान दिसलं.

खेळ चालला. चालला म्हणजे असा, की निहाल दोन दिवस नुसता माडीवर येरझाऱ्या घालत होता. एवढ्याशा, अनोळखी जोडीनं केलेला खेळ पेठेत वर वर सरकत गेला. लोक लिहीत होते. कोणी सोलापूरचं, कोणी तंजावरचं, कोणी कुठल्या बर्फाळ गावातलं. खेळाबद्दल थोडं लिहीत, चित्राबद्दल फार. *चेहरा ओळखीचा वाटला. बघताच घेतला. कुठंतरी पाहिलंय हिला.* रेवतीला संकोच वाटे आणि बरंही वाटे. आपल्या डोळ्यांत आत्याचा हात उतरला असावा असं तिला एकदा वाटून गेलं. तसं वाटलं म्हणून तिनं देवाजवळ माफीही मागितली.

श्रावण अर्धा झाला असेल. कारखान्यात मूर्तींची गर्दी झाली होती, जिन्यापर्यंत पाट लागले होते. त्यांतून वाट काढत एक बाई माडीवर आल्या. पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर चष्मा सरकवलेला, हातात स्टीलचा डबा.

"दिवेलागणवाले तुम्हीच का? खेळाच्या शेवटी पत्ता वाचला. मी शालन पाटणे. रोह्याला स्टँडासमोर माझी खानावळ आहे." त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "अळूवड्या आहेत. श्रावण आहे म्हणून कांदा-लसूण काही नाही, निर्धास्त खा."

निहालनं खुर्ची दिली. वडीही उचलली. "काकू, तुम्ही खेळता?"

"मी कसली खेळते! चष्मा घेतला तो डब्यांच्या ऑर्डरी घ्यायला. पण तुमचा खेळ खेळले हो. पूर्ण खेळले. सगळ्या घरांत दिवे लावले. त्या मास्तरांच्या घरात माझा फार वेळ गेला, दार उघडेचना." त्यांनी पदरानं मान पुसली. "एवढंच विचारायला आले. ती कितव्या घरात भेटते?"

"कोण?"

"माझी केतकी."

निहालचा घास तोंडातच राहिला. रेवतीनं विचारलं, "केतकी म्हणजे?"

"माझी लेक. तुमच्या चित्रात आहे ती. नऊ वर्षांची असताना तापात गेली, त्याला आता बारा वर्षं झाली." शालनबाई घाईघाईनं पुढं बोलू लागल्या, समोरच्यांनी नाही म्हणू नये म्हणून जणू. "मी म्हटलं, तुम्ही रोह्याच्या शाळेतला फोटो कुठं बघितला असेल, आवडला असेल, काढलं असेल. माझी काही तक्रार नाही. उलट. पण खेळात ती भेटली नाही. खेळातली मुलगी वेगळीच आहे, गोड आहे, पण वेगळी. म्हणून म्हटलं काहीतरी माझंच चुकलंय. एखादं घर राहिलं असेल."

"काकू," रेवती हळूच म्हणाली, "तुमच्या चष्म्यातलं आम्हाला दाखवता?"

शालनबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि त्यांना दिसत होतं ते निहालनं भिंतीवर घेतलं.

काळोख रेवतीचा होता. अक्षरांमधल्या फटी तिनंच मोकळ्या केल्या होत्या. मुलीची मान, झग्याची कड, सगळं तिचं. चेहरा तिचा नव्हता. सावळी, गोल हनुवटीची मुलगी, डाव्या भुवईत खोक पडलेली, सरळ बघणाऱ्याकडं बघत होती. डोळे भरून आले होते. हातातला दिवा विझलेला होता आणि वातीतून धुराची बारीक रेघ वर चालली होती.

"ही खोक पाटा लागून पडलेली," शालनबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी हसत होती हो. अगदी दात दाखवून. मग गप्प झाली. मग तोंड एवढंसं करून बसली. आता आठवडाभर अशी रडवेली आहे, आणि परवा बघते तर दिवा गेलेला. मी रात्रंदिवस तेच बघते. तिला काय होतंय? कुठल्या घरात कोंडून ठेवलंयत का तुम्ही तिला?"

रेवतीनं पाटी उघडली आणि पेठेच्या मदतनिसाला हाक मारली. मदतनीस म्हणजे नुसता आवाज, स्वच्छ, शाळेतल्या निवेदकासारखा.

"नमस्कार, रेवतीजी. आपल्या नखचित्राची थबक या महिन्यात सर्वोत्तमांत आहे. अभिनंदन."

"माझं चित्र बदललं कोणी?"

"आपण आखणी अपूर्ण असल्याचं कळवलं होतं, आणि नवं चित्र चढवताना ते बदललं नाही. अपूर्ण आखणी पेठ प्रत्येक पाहणाऱ्यासाठी स्वतंत्रपणे पूर्ण करते. आपल्याला आपलं मूळ चित्र दिसतं, ते बीज म्हणून जपलेलं आहे."

"आखणी म्हणजे काय?"

"आखणी म्हणजे चित्रातल्या घटकांची मांडणी. मुख, हावभाव, प्रकाश, अक्षरं."

"मी डोळ्यांबद्दल बोलत होते."

"डोळेही त्यात येतात."

निहालनं कपाळाला हात लावला. रेवतीनं विचारलं, "चेहरा कुठून आणता?"

"पाहणाऱ्याच्या संग्रहातून, पाहणाऱ्याच्या संमतीनं. ज्या चेहऱ्यावर नजर सर्वाधिक थांबते तो चेहरा निवडला जातो."

"मी कधी दिली संमती?" शालनबाई भिंतीकडंच बघत म्हणाल्या.

"चष्मा पहिल्यांदा घातलात तेव्हा, काकू," निहाल म्हणाला. "सगळेच देतात."

"मी तर फक्त होय होय करत गेले. ऑर्डरी खोळंबल्या होत्या." त्यांनी मान वर केली. "त्याला विचार बाई, ती रडते का?"

रेवतीनं विचारलं.

"या पाहणाऱ्यासाठी," मदतनीस म्हणाला, "दुःखी हावभावाची थबक हसऱ्या हावभावापेक्षा अधिक लांब आहे. आखणी त्यानुसार सुधारत जाते."

खाली कारखान्यात कोणीतरी यंत्र सुरू केलं. त्याची घरघर माडीवर आली. शालनबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, काचा खाली करून.

"म्हणजे मी बघते म्हणून ती रडते."

"ती नाही हो काकू," निहाल म्हणाला. "ते यंत्र आहे. गणित आहे नुसतं."

"ते कळतं रे मला. मी काय खुळी आहे? माझ्या हातानं निरोप दिलाय मी तिला." त्यांचा आवाज चढला नाही. "गणित म्हण, नाहीतर आणखी काही म्हण. पण रडते ना?"

रेवती उठली. "मी आत्ता बंद करते हे. एका शब्दाचं काम आहे. आखणी पूर्ण म्हणून कळवलं की सगळ्यांना माझंच चित्र दिसेल."

शालनबाईंनी तिचं मनगट धरलं. तव्याशी काम केलेला, खरखरीत, गरम हात.

"अशी रडताना नको! एकदा तशीच गेली ती माझ्यासमोर. हातात सलाईनच्या सुया, आणि आई आई करत. बारा वर्षं तेच तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तुमच्या चित्रात हसताना बघितलं तेव्हा कुठं मी तिचं हसणं आठवू शकले. आता परत रडताना घालवू नका. एकदा हसू दे. मग खुशाल बंद करा."

रेवती पुन्हा बसली. तिच्या मनात जे आलं ते बोलायला तिला लाज वाटत होती.

"काकू, एक करता येईल. त्याला तुमची नजर हवी आहे. ती रडताना दिसली की तुम्ही बघायचं नाही. लगेच मान फिरवायची. त्याला कळेल की रडणं चालत नाही. मग ते दुसरं काही करून बघेल."

"लेकरू रडताना मान फिरवायची?"

"हो."

"आईनं."

रेवतीनं मान हलवली.

शालनबाईंनी मांडीवरचा चष्मा उचलला. "नेम म्हणून करीन. मी सोळा सोमवार केलेत, दोन चातुर्मास आळणी खाल्लंय. त्यातलं काही याच्या पासंगाला पुरायचं नाही. पण करीन." त्या उठल्या, डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं आणि उरलेल्या वड्या कागदावर काढून ठेवल्या. "पण पोरी, बंद करशील तेव्हा मला एकटीला नको. तू ये. माझ्याशेजारी बसून कर."

"येईन."

"शब्द?"

"शब्द."

शालनबाई गेल्यावर निहाल खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. रेवती त्याच्या पाठीकडं बघत होती.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"तिसऱ्या दिवसापासून." तो वळला नाही. "साध्या गिऱ्हाइकासारखा पेठेत गेलो होतो, आपलं कसं दिसतंय बघायला."

"आणि बोलला नाहीस?"

"काय बोलू? खेळ चालला होता ताई. पहिल्यांदा काहीतरी चाललं होतं आपलं. मला वाटलं, तू ऐकलंस की लगेच सोवळं नेसून बंद करायला बसशील." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला कोण दिसतं ते विचारू नकोस. पण बंद करू नकोस."

तिनं विचारलं नाही. त्याऐवजी त्याच संध्याकाळी, देवापाशी निरांजन लावल्यावर, तिनं आपला चष्मा घातला आणि निर्माती म्हणून न जाता साधी वाटसरू म्हणून पेठेत शिरली. चित्रं वाहत होती. तिचं चित्र आलं तेव्हा तिला मान फिरवायला जमलं नाही. झग्यातली मुलगी होती, पण चेहरा गोदाआत्याचा होता, लहानपणीचा, रेवतीनं कधी न बघितलेला. डाव्या डोळ्याची पापणी तेव्हाही थोडी खाली आलेली. आत्या तिच्याकडं बघून काहीतरी विचारणार आहे असं वाटत होतं. रेवती बघत राहिली. किती वेळ ते तिला कळलं नाही, पण कुठंतरी ते मोजलं गेलं होतं हे नक्की. चष्मा काढताना आपण चोरी करताना सापडल्यासारखं तिला झालं.

मग जे कळलं त्यानं ती जास्त खचली. खेळ करणाऱ्यांचा एक कट्टा होता, तिथं सगळे एकमेकांना धंद्यातल्या युक्त्या सांगत. कोणीतरी 'दिवेलागण'चं पहिलं, तपासणीला पाठवलेलं चित्र शोधून काढलं होतं. *डोळे रिकामे ठेवा,* तिथं लिहिलं होतं. *आखणीला नाही म्हणा. पेठ बाकीचं बघते. थबक दुप्पट होते. या युक्तीचं नाव पेण पद्धत.* खाली आभारांची रांग. एका उत्साही मुलानं रेवतीला वेगळं पत्र लिहिलं होतं: *ताई, तुमच्या कल्पकतेला सलाम. आम्ही आमच्या तिन्ही खेळांतल्या मुलांचे डोळे काढून टाकले.*

रेवतीनं ते तीनदा वाचलं. गोदाआत्या डोळे शेवटी ठेवायची ते कशासाठी? डोळे काढले की समोर कोणीतरी येतं, आणि त्याच्यासमोर मग खोटं वागता येत नाही, असं ती म्हणायची. म्हणून तयारी पूर्ण व्हावी, हात स्वच्छ असावेत. त्या भीतीपोटी ठेवलेली कोरी जागा होती ती. आता देशोदेशीचे लोक तीच जागा कोरी ठेवून दुकान मांडत होते, आणि वर तिच्या गावाचं नाव देत होते. तिनं कट्ट्यावर लिहिलं, हे चुकून झालं, असं करू नका. एकानं उत्तर दिलं, *स्वतःचा खेळ वर गेल्यावर सगळ्यांनाच असं सुचतं.* त्याला खूप जणांनी दाद दिली.

शालनबाईंचा फोन रोज दुपारची गर्दी ओसरल्यावर यायचा.

"आज फिरवली मान. वरणाचं पातेलं करपलं, पण फिरवली."

दुसऱ्या दिवशी, "आज पाठमोरी आली गं. नुसती वेणी. माझीच घातलेली वेणी. मी त्या वेणीकडं बघितलं थोडं. वेणी चालते ना?"

"चालते."

मग दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा शालनबाईंचा श्वास लागला होता. "आज कपाळावर ओली पट्टी ठेवून आली. हे कुठून कळलं त्याला? असा फोटो नाही माझ्याकडं. कोणाकडंच नाही."

यंत्रानं आजारी मुलांची लाखो चित्रं बघितली होती, त्याला फोटो लागत नव्हता, हे सांगून काय होणार होतं?

"बघितलंत?" रेवतीनं विचारलं.

"नाही बघितलं." मग फोनवर नुसतं रडणं ऐकू आलं. रेवतीनं फोन ठेवला नाही. पलीकडं कोणीतरी "ताई, दोन राइसप्लेट" असं ओरडलं. "आले," शालनबाई भरल्या आवाजात म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

माडीवर निहाल आणि ती कामापुरतं बोलत. नव्या खेळाची तयारी करू, म्हणजे हा खाली गेला तरी हाताशी काही असेल, असं ती म्हणाली. निहाल म्हणाला, "बिनडोळ्यांच्या बाजारात डोळे काढून बसशील तर तळालाच राहशील." ते खरं होतं, म्हणून तिनं वाद घातला नाही.

आणि मग एका सकाळी निरोप आला. बोलून नव्हे, लिहून. *हसली. दातसुद्धा दिसले. दिवा लागलाय. ये.*

रेवतीनं पाटी पिशवीत घातली. निहाल जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून दात घासत होता. तिच्या हातातली पिशवी बघून त्यानं चूळ भरली.

"आज?"

"हो."

"एक दिवस थांब, ताई."

"एका दिवसानं काय होईल?"

त्यानं ब्रश पायरीवर ठेवला. "मी रोज सकाळी जाऊन येतो. तेवढंच. मला रडताना नाही दिसत कोणी. मला हसतानाच दिसतं." तो खाली बघत बोलत होता. "त्या काकूंना तू विचारलंस. त्यांच्यासाठी थांबलीस, आता त्यांच्याशेजारी जाऊन बसणार आहेस. आणि बाकीच्यांचं काय? लाखभर लोक असतील. कोणाकोणाला कोण दिसतंय तुला ठाऊक तरी आहे? त्यांच्याशेजारी कोण बसणार?"

"माहीत नाही, निहाल."

"मग कुठल्या हक्कानं बंद करतेस?"

"चालू केलं ते तरी कुठल्या हक्कानं?"

तो बाजूला सरकला नाही, तिला अडवलंही नाही. ती त्याला वळसा घालून उतरली. पाटांवरच्या मूर्तींना धक्का लागू नये म्हणून पिशवी छातीशी धरून चालली.

स्टँडवर रोह्याची गाडी लागली होती. खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ चष्मा लावून बसले होते. धोतर, मांडीवर छत्री. त्यांची नजर समोरच्या बाकाच्या पाठीवर, हवेत, एका जागी अडली होती. मग त्यांनी हात वर केला आणि दोन बोटं हवेत अलगद पुढं नेली, कोणाच्या तरी गालाशी न्यावीत तशी. रेवती त्यांच्याशेजारी बसली. ते कुठलं चित्र बघत होते, तिचं की दुसऱ्या कोणाचं? दुपारनंतर ते पुन्हा तिथं बघतील तेव्हा तिथं कोण असेल?

"कुठं?" कंडक्टरनं विचारलं.

"रोहा," ती म्हणाली. "एक."